फॅमिलीबाहेरचा मारवा

गेल्या रविवारी मेहुण्याने मला फॅमिलीतून काढलं. भांडण वगैरे काही नाही. गाण्यांच्या ॲपचा त्याचा फॅमिली प्लॅन आहे, सहा जणांचा, आणि सहाही जण एकाच पत्त्यावर राहायला हवेत असा नियम. ॲपने पत्ता विचारला, मी खरा सांगितला. झालं! फुकट्यांच्या रांगेत. म्हणजे दर दोन गाण्यांमागे जाहिरात, गाणं पुढे ढकलायचं तर तासाला सहाच वेळा, आणि क्रम ॲपच्या मर्जीचा.

नेमके त्याच संध्याकाळी बायकोचे मामा मिरजेहून आले. तंबोऱ्यांच्या गल्लीत वाढलेला, थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उरुसाला रात्र रात्र मांडी न मोडता बसलेला माणूस. अशांपुढे गप्प बसावं. पण मी ब्लूटूथ स्पीकर काढला आणि म्हणालो, "सांगा मामा, काय लावू? जगातलं सगळं आहे यात."

"दिवेलागण झालीय. मारवा लावा."

लावला हा संध्याकाळचा राग. गाण्यात आधी संथ विलंबित, मग जलद द्रुत. इथे सुरू झालं ते थेट द्रुत! विलंबित आणि द्रुत ही ॲपच्या लेखी दोन वेगळी गाणी, आणि फुकट्यांना शफल बंद करायची मुभा नाही.

मामांनी कप खाली ठेवला. "जावईबापू, ताकभात आधी वाढलात. वरणभात कधी?"

"येईल मामा, मागून येईल."

"बरं. तबल्यावर कोण?"

स्क्रीनवर गायकाचं नाव आणि त्याखाली 'व्हेरियस आर्टिस्ट्स'. मी ते वाचून दाखवलं.

"हे कुठल्या घराण्याचे?" मामा म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "अहो, कव्हर उलटं करा. मागे सगळं लिहिलेलं असतं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन हातातून घेतला, पालथा केला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला. फोनच्या पारदर्शक कव्हरात मी सकाळीच वाण्याची चिठ्ठी खोचली होती. मामांनी ती शांतपणे, ठाय लयीत वाचली. "तूरडाळ एक किलो. जाडे पोहे. हिंग, छोटी डबी." थोडं थांबून म्हणाले, "तबलजीचं नाव नाही."

मग त्यांना जुन्या काळची गायिका गौहर जान आठवली. 1902 साली तिचं गाणं तबकडीसाठी मुद्रित झालं, जेमतेम तीन मिनिटांचं. तरी शेवटी ती स्वतःचं नाव पुकारायची, कारण तबकड्या छापायला जर्मनीला जात आणि तिकडच्या माणसांना कोण गायलंय ते कळायला हवं. "आणि तुमच्या या यंत्रात जगातलं सगळं आहे," मामा म्हणाले.

द्रुत संपलं आणि घर हादरलं. "पाच मिनिटांत कर्ज!"

मामांनी मान कलती केली. "पट्टी पांढरी चार. बाई सुरात आहेत. पण गवयापेक्षा दुप्पट आवाज कशाला?" जाहिरातीतल्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारल्यावर ते स्पीकरकडे वळून म्हणाले, "नको हो, पेन्शन आहे मला."

मी हसलो, पण आतून चिडलो होतो. कॅसेटची फीत गुंतायची, मग पेन्सिल घालून गुंडाळत बसावं लागायचं, कबूल. पण तिची ए बाजू बी बाजूच्या आधीच वाजायची, आणि माझ्याच पैशाने घेतलेल्या कॅसेटने माझा राहता पत्ता कधी विचारला नव्हता. इथे पैसे भरले तरी गाणी भाड्याचीच. हप्ता चुकला की सामान बाहेर. शिवाय परवा याच ॲपने मला 'गाढ झोपेसाठी' म्हणून जी यादी दिली तिच्यात मारवा होता. मारवा! ज्यात षड्जावर, म्हणजे 'सा'वर, टेकायलाही गवई वाट बघायला लावतो, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, तो म्हणे झोपेसाठी. ही यादी करणाऱ्याला एकदा मामांसमोर बसवायला हवं.

विलंबित आलंच नाही. कर्जामागून नातवाचं 'चांदोमामा'सारखं काहीतरी बडबडगीत लागलं, ते ढकललं, पुढचं ढकललं, आणि सहा संपले.

मामांना माझी दया आली असावी. त्यांनी स्वतःच भाच्याला फोन लावला. "अरे, जावयांना घरात घे परत. माणूस अडलाय."

मेहुणा स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. "मामा, सहावी जागा गेली. खालच्या वॉचमनला दिली. त्याचा पत्ता तोच पडतो ना."

वॉचमन मारवा ऐकतो का, हे विचारायचं राहून गेलं.