उतरत्या भावाचं पंचांग

आमच्या घरात हिशेबाच्या दोन वह्या आहेत. एक बायकोला माहीत असलेली आणि एक खरी. व्यापारी लोक हे आयकर खात्यासाठी करतात, मी एका कॅमेऱ्यासाठी केलं.

२००८ च्या मे महिन्यात लग्न झालं आणि पावसाळा संपायच्या आत ऑफिसने मला श्टुटगार्टला धाडलं. तिकडून परतणारा पुणेकर इंजिनिअर चॉकलेटं आणतो, सुऱ्यांचा सेट आणतो, फारच हात सैल सुटला तर प्रेशर कुकर आणतो. मी डिसेंबरात एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात थंडी वाजते म्हणून शिरलो आणि लायका या जर्मन कंपनीचा एम ८ हा डिजिटल कॅमेरा घेऊन बाहेर पडलो. वापरलेला, २,३०० युरो. शेजारच्या काचेच्या कपाटात ३५ मिलिमीटरची एक म्हातारी समिक्रॉन लेन्स बसली होती, ८०० युरोंची. तबला घेतला आणि डग्गा ठेवून आलो असं कसं चालेल? दोन्ही घेतलं. बाहेरच्या बाकावर बसून रुपयांत हिशेब केला. दोन लाख. उणे तीन तापमानात मला घाम आला.

रात्री फोनवर बायकोला म्हटलं, "सत्तर हजारांना पडला."

"आणि लेन्स?"

"ती त्यांनी वरून दिली." भाजीवाला कोथिंबीर देतो तशी.

खोटं बोललो हे खरं, पण तेव्हा मला ते खोटं वाटत नव्हतं, कारण माझ्या मते पैसे गेलेच नव्हते, फक्त कॅमेऱ्याच्या रूपात ठेवले होते. लायकाचा भाव पडत नाही, ही या शौकातली पहिली ओवी. १९५४ सालचा एम ३ आजही काढलात तर लोक हात जोडून घेतील. ओवी खरीच आहे. फक्त ती फिल्मच्या कॅमेऱ्यांवर रचलेली आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. एम ३ हे आजोबांचं चावीचं घड्याळ आहे. एम ८ दिसतो तसाच, पितळ आणि चामडं, वर लाल टिकली, पण आत बसलाय कॉम्प्युटर. आणि जुना कॉम्प्युटर आपण कितीला विकतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

ज्यांनी हे यंत्र हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं, कोपऱ्यातल्या एका खिडकीतून बघायचं असतं. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात समोरच्या माणसाचं भूत दिसतं. लेन्सची कडी फिरवत फिरवत भूत नेमकं माणसावर बसवायचं. मामेसासऱ्यांना दोन नाकं दिसताहेत तोवर फिरवत राहायचं. एक नाक झालं की बटण दाबायचं. तोवर मामेसासरे जेवायला गेलेले असतात. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं, त्यामुळे आमच्या पहिल्या गणपतीच्या आगमनाचे अठरा फोटो माझ्याकडे आहेत आणि अठराही अमावास्येचे वाटतात. कार्ड काढायचं तर तळाची अख्खी पट्टी उघडून दातात धरावी लागते. पाहुण्यांना वाटतं, हा कॅमेरा खातोय.

तर जानेवारीत मी परत आलो, आणि आली बायकोची पहिली संक्रांत. माझ्या थोरल्या बहिणीने तिला काळी साडी घेतली होती. "प्युअर सिल्क आहे हं," ताईने दोनदा सांगितलं होतं, आणि दोनदा सांगितलं तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. हलव्याचे दागिने घातले, मुकुट, नथ, हार, कंबरपट्टा. मी भुतं आणि माणसं जुळवत चाळीसेक फोटो काढले. मग हौसेने टीव्हीवर लावले. हळदीकुंकवाला आलेल्या पंधरा बायका समोर.

साडी जांभळी होती. काळपट-बिळपट नाही, सरळ भरताच्या वांग्यासारखी. काठ मात्र काळेच. दागिने पांढरेशुभ्र.

आता यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही, तो पूर्णपणे माझा. एम ८ च्या सेन्सरवरची काच मुद्दाम पातळ ठेवलेली आहे. या लेन्सा सेन्सरला अगदी चिकटून बसतात, कडेचे किरण तिरके येतात, जाड काच असती तर कडा पुसट झाल्या असत्या. पण पातळ काचेतून इन्फ्रारेड किरण आत शिरतात, आणि कृत्रिम धाग्याचं काळं कापड बऱ्याचदा ते किरण परतवून लावतं, म्हणून फोटोत ते जांभळं दिसतं. यावर लेन्सवर लावायचा फिल्टर आहे. कंपनीने नव्या गिऱ्हाइकांना दोन-दोन फुकट दिले होते. माझ्या आधीच्या जर्मन मालकाने ते ठेवून घेतले, आणि दुकानदाराने "वेगळा घ्या" असं बजावल्यावर मी म्हटलं होतं, दोन लाखांवर आणखी एका काचेच्या चकतीला पैसे कोण देणार?

हे सगळं मी त्या पंधरा बायकांना समजावून सांगितलं. रंगात येऊन सांगितलं. "म्हणजे बघा, अस्सल रेशीम असतं तर बहुतेक काळंच आलं असतं. काठ कसे काळे आलेत? कापड सिंथेटिक असलं की..."

खोलीत शांतता पसरली. ताई तिळगुळाच्या ताटाकडे बघत होती. ती साडी त्या दिवशी कपाटाच्या मागच्या कप्प्यात गेली ती गेलीच. ताई पुढची दोन वर्षं माझ्याशी फक्त बायकोमार्फत बोलली.

पण मूळ मुद्दा भावाचा. २००९ चा पितृपक्ष चालू होता. दारावर कावळ्यासाठी पान ठेवून मी लॅपटॉप उघडला, तर तिकडे नऊ-नऊ-नऊचा मुहूर्त साधून एम ९ जाहीर झाला होता. माझा सेन्सर २७ बाय १८ मिलिमीटरचा, त्याचा पूर्ण मापाचा, फिल्मएवढा. माझे १०.३ मेगापिक्सेल, त्याचे १८. आणि काळं काळंच येत होतं! किंमत ६,९९५ डॉलर. म्हणजे कालपर्यंत लग्नाचा असलेला माझा कॅमेरा त्या दिवशी पितरांत जमा झाला. कावळा मात्र पानाला पटकन शिवला, माझ्याकडे न बघता.

पुढे मला या लोकांचं वेळापत्रक कळलं. ते माणसाच्या सणावारावरच उठलेले आहेत. २०१२ साली गणपतीला दोन दिवस असताना, मी मखराला थर्माकोल कापत असताना, २४ मेगापिक्सेलवाला आला. २०१७ ला संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी एम १०. २०२२ ला ऐन भोगीच्या दिवशी, बाजरीची भाकरी तव्यावर असताना, ६० मेगापिक्सेलचा एम ११. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी या तारखांना बारीक लाल टिकल्या करून ठेवल्यात. बायकोला वाटतं, गॅस सिलिंडरच्या तारखा आहेत.

आता दोन वह्यांची गंमत बघा. २०१० च्या सुमारास माझ्या एम ८ ला लाखभर रुपये येतील असं एक मित्र आमच्याच सोफ्यावर बसून बोलला. खऱ्या वहीत पन्नास हजारांचा खड्डा, नुसत्या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून. पण घरच्या वहीत? सत्तर हजारांची वस्तू, लाखाचा भाव!

"अरे, मग वीक ना!" बायको म्हणाली. "तीस हजार फायदा होतोय."

या वाक्याला जगात उत्तर नाही. फायदा होत असताना का विकत नाही, हे मी तिला कसं सांगणार? "अजून चढेल," एवढंच म्हणालो. शेअर बाजारात बुडालेली माणसं शेवटी जे बोलतात ते मी घरात, वाफाळत्या चहाचा कप हातात घेऊन बोललो. आणि दरवर्षी ती विचारायची, "चढला का?" मी म्हणायचो, "थोडा सुस्त आहे बाजार." खरी वही पंच्याऐंशी हजारांनी गळत होती तेव्हा घरच्या वहीत पाच हजारांचा पहिला तोटा दिसला. "जाऊ दे रे, पाच हजारांचं काय एवढं," म्हणून तिने मला थालीपीठ लावून दिलं. मी दुःख केलं तेही पाच हजारांपुरतंच. वरचे ऐंशी हजार आंघोळीच्या वेळी.

खरेदीचं बिल कॅमेऱ्याच्या खोक्यात, फोमच्या खाली सरकवून ठेवलं होतं. जर्मन लोक हजारानंतर टिंब देतात आणि पैशांआधी स्वल्पविराम. त्यामुळे ते बिल ३.१००,०० असं होतं. कधी सापडलंच तर "तीन पूर्णांक एक" म्हणून निभावेल का, यावर मी काही रात्री घालवल्यात. पण २०१४ साली घर बदलताना खोकं उघडलं तर बिल नव्हतंच. माळ्यावरच्या झुरळांनी आयुष्यात एक तरी पुण्याचं काम केलं, म्हणून मी त्या वर्षी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं नाही.

शेवटी एम ११ आल्यावर मी जाहिरात टाकली. पहिल्याच दिवशी फोन.

"काका, तो कॅमेरा आहे का अजून?" काका! "ऑटोफोकस कसाय?"

"नाहीये."

"बरं, झूम?"

"नाहीये."

"व्हिडिओ तरी फोर-के येतो का?"

"व्हिडिओच नाहीये."

बराच वेळ काही आवाज नाही. "मग त्यात आहे काय, काका?"

मी खिडकी, भूत आणि माणूस समजावून सांगायला घेतलं. त्याने फोन ठेवला. दुसऱ्याने माझ्या एम ८ च्या बदल्यात वापरलेली स्कूटर देऊ केली, वर पंधरा हजार मागितले. मी दोन रात्री विचार केला, हे लाजेने सांगतो. तिसरा जाणकार निघाला. त्याने शटर किती वेळा उडालंय ते विचारलं आणि म्हणाला, "बॉडी राहू द्या, लेन्स कुठली आहे?" त्यानंतर जो जो जाणकार भेटला, त्या प्रत्येकाने हेच विचारलं. मुलगी बघायला आलेली मंडळी धाकटीचं काय करायचं ठरवलंय असं विचारतात, तशातलं हे.

वर्षभर असं काढलं आणि २०२३ मध्ये आम्ही मुंबईला, फोर्टात बोरा बझारला गेलो. आम्ही, कारण बायकोला क्रॉफर्ड मार्केटला काम होतं. तिला तिकडेच सोडायचा माझा बेत होता. पण ती म्हणाली, "बघू तरी सत्तर हजारांचं काय होतंय."

दुकान हातभर रुंद. मालकांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, एकदा बटण दाबलं, कान लावून आवाज ऐकला आणि काउंटरच्या टोकाला सारला. मग लेन्स उचलली. तिला मात्र दोन्ही हातांनी. टॉर्च लावून मागून बघितली, पुढून बघितली, कडी हळूच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, डोळे मिटून. बुरशी नाही, ओरखडा नाही. पुण्याच्या कोरड्या हवेचं पुण्य.

"कॅमेऱ्याचे पंचेचाळीस देतो साहेब. त्यात माझं काही सुटणार नाही."

"आणि लेन्स?" हे बायकोने विचारलं.

"लेन्सचे एक लाख वीस."

बायको माझ्याकडे वळली. आमच्या पंधरा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं कौतुकाने क्वचित पाहिलं असेल. "ही वरून दिलेली ना?"

"हो."

"कोथिंबीर?"

मालक म्हणाले, "मॅडम, १९५४ पासून लेन्स बसवायचा माउंट तोच आहे. नवा कॅमेरा आला की जुना कॅमेरा पडतो, पण लेन्स नव्यालाही बसतेच. कॅमेरे वाढतात, लेन्सा तेवढ्याच. म्हणून लेन्स चढते." हे चार वाक्यांतलं शास्त्र मला २००८ साली कोणी सांगितलं असतं तर मी पाच लेन्सा घेतल्या असत्या आणि कॅमेरा कुणाचा तरी उसना आणला असता.

घरच्या वहीप्रमाणे हिशेब असा झाला: सत्तर गेले, एक लाख पासष्ट आले. नफा पंच्याण्णव हजार. बायको मनातल्या मनात सराफाच्या पायऱ्या चढत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खऱ्या वहीत माझे पस्तीस हजार अजून बुडालेलेच, पण पस्तीसवर सुटतोय म्हणून मीही खुशीत होतो. एका व्यवहारात दोन्ही वह्या बंद होत होत्या. मी "ठीक आहे" म्हणायला तोंड उघडलं.

"बॉक्स-बिल आहे का?" मालकांनी विचारलं. "ओरिजनल बिल असेल तर दोन्हीचे मिळून दहा वाढवतो. बाहेरचा माल असला की गिऱ्हाईक कागद मागतं."

"बॉक्स आहे. बिल हरवलं," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो.

"नाही हरवलं," बायको म्हणाली. पर्सची चेन लावत, अगदी सहज. "घरी आहे. माझ्या कपाटात, मागच्या कप्प्यात, त्या काळ्या साडीच्या घडीत."

मालक म्हणाले, "मग काय घाई आहे? पुढच्या खेपेला घेऊन या." आणि लेन्सला झाकण लावून दोन्ही हातांनी मला परत दिली.

डेक्कन क्वीन पाच दहाला सुटली. ठाणं गेलं, कल्याण गेलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, बायको कटलेट खात होती. कर्जतला मागून इंजिन लागलं, गाडीने एक हिसका दिला. तिने कागदी रुमालाने बोटं पुसली, मोबाईल काढला, त्यातला कॅल्क्युलेटर उघडला आणि विचारलं,

"तेव्हा युरो कितीला होता रे?"