चॉकलेटवाला फॉरवर्ड आणि आमची जिनी

आमच्या नेरुळच्या डॉगवाल्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय. "कुत्र्याला चॉकलेट विषारी ही सगळी परदेशी थेरं, आपली कुत्री पोळी-भात खाऊन दणकट असतात, खाल्लंच तर दूध नाहीतर मिठाचं पाणी पाजा, दोन तासात काही झालं नाही तर निवांत झोपा." पाठवणारे काका भला माणूस, पण यातलं एक वाक्य धड नाहीये.

दणकटपणाचा काय संबंध? चॉकलेटमधलं थिओब्रोमीन (कोकोतलं कॅफिनसारखं उत्तेजक द्रव्य, विष तेच) आपल्या अंगातून निम्मं साधारण 6 ते 10 तासात उतरतं, कुत्र्याच्या अंगातून निम्मं उतरायलाच साधारण साडेसतरा तास लागतात, मग तो गावठी असो नाहीतर लॅब्राडोर.

त्याखाली लगेच कुणीतरी, "आमच्या लॅबने एक वडी खाल्ली, काही झालं नाही." नाहीच होणार हो! कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम थिओब्रोमीनला त्रास सुरू होतो, 40-50 ला हृदयाचे ठोके बिघडतात, 60 ला झटके. मिल्क चॉकलेटमधे ग्रॅमला साधारण 2 मिलिग्रॅम, म्हणजे 25 किलोच्या लॅबला पाव किलो खावं लागेल. पण डार्कमधे त्याच्या दुप्पट-अडीचपट आणि कोको पावडरमधे ग्रॅमला 20 च्याही वर, 4 किलोच्या पॉमेरेनियनला दोन छोटे चमचे पुरे. (शुगर-फ्री वाल्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोडवा, असेल तर ते अजून वेगळं विष.)

आता ते "दोन तास". मी स्वतः यात फसलेय. नाताळच्या केकसाठी काढलेला कोकोचा डबा जिनीने दुपारी तीनला ओट्यावरून पाडला, मी बघते तर मिशा तपकिरी आणि बाईसाहेब शेपूट हलवतायत. पाच वाजेपर्यंत एकदम नॉर्मल, म्हटलं सुटलो. रात्री नऊला हॉलमधे नुसत्या येरझाऱ्या, वाटीभर पाणी पिऊन लगेच उलटी, आणि छातीवर हात ठेवला तर ठोके मोजताच येईनात. लक्षणं दिसायला 6 ते 12 तास लागतात हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, आणि लगेच आणली असती तर इंजेक्शनने उलटी काढता आली असती हेही.

दुधाने विष मरत नाही. मिठाचं पाणी तर नकोच, रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच झटके येऊ शकतात. यावर उतारा असा नाहीच, कोळशाचं औषध, सलाईन, ठोक्यांवर लक्ष, बस. जाताना रॅपर किंवा डबा सोबत न्या, त्यांना हिशोब करता येतो.

आणि एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, ते थिओब्रोमीन मूत्राशयातून परत रक्तात शोषलं जातं, म्हणून सारखं शू करवायचं. घरी सोडल्यावर रात्रभर दर दोन तासांनी मी आणि जिनी गेटपाशी, चौथ्या फेरीला वॉचमन काका म्हणाले, ताई, खुर्ची आणून देऊ का?