कंडक्टरवर ओरडून बस लवकर येते का?

आज परत तेच! दादरला बसमध्ये चढल्या चढल्या एका गृहस्थांनी कंडक्टर ताईंवर तोंडसुख घेतलं. "तुम्हाला नुसता फुकटचा पगार पाहिजे!" अहो, बस अडकली होती ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळे. त्या काय ताईंनी लावल्या होत्या? मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, तेव्हाही शिव्या खाल्ल्या कंडक्टरनीच. ठरवणारे कुठे, ऐकून घेणारे कुठे!

ताई काहीच बोलल्या नाहीत. कोपर दांड्यात अडकवून, एका हाताने मशीन सांभाळत त्यांनी तिकीट फाडून दिलं. सुट्टे मोजताना बोटं थरथरत होती, मी शेजारीच उभी होते. संताप संताप झाला.

एवढ्यात विसरलो आपण? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकल सामान्यांसाठी बंद होती. नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार कामावर पोचले ते याच लाल बसमधून. माझी बहीण त्यातलीच एक. आपण घरात दारं लावून बसलो होतो, तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टर रोज डेपोत हजर होते. करोनाने त्यांच्यातली कितीतरी माणसं गेली.

राग आहे ना? मग बसगाड्या वाढवा, बससाठी रस्ता मोकळा ठेवा म्हणून नगरसेवकाच्या दारात जा. मी येते सोबत. पण तिकीट देणाऱ्या बाईवर आवाज चढवायचा नाही. आज मी त्या गृहस्थांना तसं तोंडावर सांगितलं, उद्याही सांगेन.