आधी मैलापाणी, मग काठ

पुण्यातल्या आमच्या घरात सध्या वादाचा विषय एकच: नदीकाठ सुधार प्रकल्प. महापालिका मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून 44 किलोमीटरचा काठ बांधून काढायला निघाली आहे, खर्च सुमारे 4,700 कोटी. धाकटा भाऊ बंडगार्डनजवळच्या झालेल्या टप्प्यावर सकाळी फिरायला जातो, त्याला तो मनापासून आवडतो. आईला तुटलेल्या झाडांचं वाईट वाटतं. मी बॉस्टनला राहते, त्यामुळे मी काहीही बोलले की "तुला तिकडे बसून काय कळणार" हे ठरलेलं. तरीही लिहिते आहे, कारण यंदा उन्हाळ्यात पुण्याला येताना आम्ही वाटेत झुरिकला थांबलो आणि तिथे या वादाचं एक जुनं उत्तर मला सापडलं.

झुरिक महाग आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण एका फ्रँकला शंभराहून जास्त रुपये आणि साध्या कॉफीला पाच-सहा फ्रँक, हे समोर पाटीवर दिसलं की पोटात गोळा येतो. सासूबाई प्रत्येक आकड्याला मनात शंभराने गुणत होत्या आणि "मला काही भूक नाही गं" म्हणत होत्या. शेवटी दुकानातून पाव, चीज आणि केळी घेतली आणि तलावाकाठच्या बाकावर जाऊन बसलो.

पाण्याला मात्र दमडी लागली नाही. या शहरात रस्तोरस्ती कारंजी आहेत, बाराशेच्या वर. आमच्यासमोर होतं ते दगडी कुंडाचं, मधल्या खांबाला तोटी, तिच्यातून मनगटाएवढी धार अखंड पडणारी. कुंडाच्या तळाचा दगडसुद्धा स्वच्छ दिसत होता. लेकीने बाटली धारेखाली धरली तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, उकळायला नको का?" तेवढ्यात कामावरून परतणारा एक माणूस आला, ओंजळीने पाणी प्यायला आणि ट्रामकडे गेला. मग त्याही प्यायल्या. शहराच्या पिण्याच्या पाण्यापैकी साधारण 70 टक्के पाणी समोरच्याच तलावातून येतं, आणि त्याच तलावात पोरं धडाधड उड्या मारत होती.

"त्यांच्याकडे पैसा आहे, लोक कमी आहेत," हे भावाचं म्हणणं. लोकसंख्येचं खरं आहे. झुरिक साडेचार लाखांच्या आतबाहेरचं, पुणे कुठल्या कुठे पुढे. आपल्या नद्या पावसाळी, त्यांचा तलाव बारमाही, हेही मान्य. पण ते पहिल्यापासून असे स्वच्छ नव्हते. 1867 साली झुरिकमध्ये कॉलऱ्याने शेकडो माणसं गेली. तेव्हा अर्नोल्ड ब्युर्कली नावाचा शहर अभियंता होता. त्याच्या हाताखाली शहराची मैलापाण्याची व्यवस्था नव्याने उभी राहिली, जमिनीखाली, जिथे कोणी फोटो काढायला जात नाही. तलावाकाठचा तो देखणा, झाडांचा, फिरायचा रस्ता त्यानेच केला, पण तो लोकांसाठी खुला झाला 1887 मध्ये. आम्ही पाव खात बसलो होतो त्या जागेजवळच्या चौकाला त्याचं नाव आहे, ब्युर्कलीप्लाट्झ.

तेवढ्याने भागलं असंही नाही. झुरिकचं वेर्डह्योल्झलीचं मैलाशुद्धीकरण केंद्र 1926 चं, पण देशभर पाहिलं तर 1965 पर्यंत जेमतेम 14 टक्के स्विस लोकांचं मैलापाणी शुद्ध होऊन बाहेर पडत होतं. 1963 मध्ये झरमॅटसारख्या नामांकित पर्यटनाच्या गावात दूषित पाण्याने टायफॉइड पसरला, चारशेहून जास्त माणसं आजारी पडली, तिघं दगावली. पुढे कायदे कडक झाले, गावोगावी केंद्रं बसली, 1986 मध्ये कपड्यांच्या साबणातल्या, पाण्यात शेवाळ वाढवणाऱ्या फॉस्फेटवरही बंदी आली. आज मैलापाणी शुद्ध होण्याचं ते 14 टक्क्यांचं प्रमाण 97 टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणजे आज ज्याला आपण "युरोप" म्हणून हात जोडतो, ते माझ्या आईच्या आयुष्यात घडलेलं काम आहे.

आपल्याकडे जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातापायांतली ताकद घालवणारा आजार) साथ आली, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. आमच्या ओळखीच्या घरांत महिनाभर जार आणि उकळलेलं पाणी यांशिवाय कोणी घोट घेत नव्हतं. त्याआधी जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात नदी शिरली होती. जपानच्या कर्जातून पुण्यात होणार असलेल्या 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांना मंजुरी 2016 ची. ती कामं रेंगाळत राहिली आणि काठाचे दगड मात्र भराभर बसले. याचा मला राग येतो. काठ बांधायला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. मुठेत मैलापाणी येतच राहिलं, तर नव्या पायऱ्यांवर बसून माणूस बघणार काय, जलपर्णी?

म्हणून माझी मागणी साधी आहे. महापालिकेने नदीला मिळणारा प्रत्येक नाला, त्यात येणारं पाणी आणि त्यातलं शुद्ध किती होतं, हे दर महिन्याला वॉर्ड ऑफिसच्या बाहेर लावावं. अकराही केंद्रं पूर्ण क्षमतेने चालू लागेपर्यंत काठाचा एकही नवा टप्पा सुरू करू नये. झाडं तोपर्यंत उभी राहतील, आणि पुराचा अभ्यासही नीट करायला वेळ मिळेल.

भावाला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, काम थांबवलं की ठेकेदार कोर्टात जाईल, भाव वाढतील आणि दोन्ही गोष्टी अर्धवट राहतील. ही भीती खोटी नाही. पण ठेकेदाराचं नुकसान मोजायला पुण्यात माणसं आहेत, घराघरांत येणाऱ्या जारचा महिन्याचा हिशोब कोणी मांडलेला नाही. तो मी आईला विचारून मांडायला घेतला आहे.