‘बेल्ट तर बॉडीला असतो!’ : बाहेरच्या सीटा आणि कंपनीचे बेल्ट

गाडीला बाहेरून सीटा बसवून घेणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: ‘कंपनीच्या सीटा काढून बकेट सीट किंवा कॅप्टन सीट टाकायला घाबरू नका. बेल्ट बॉडीला असतो, सीटशी त्याचा संबंध नाही. बकल पोहोचत नसेल तर एक्सटेंडर लावा, नाहीतर पट्टी वेल्ड करून घ्या. बेल्टला झटका देऊन बघा, लॉक झाला की विषय संपला. एअरबॅगचा दिवा लागला तर रेझिस्टर टाका. तरीही शंका असेल तर फोर पॉइंट रेसिंग बेल्ट घ्या, तो कंपनीच्या बेल्टपेक्षा भारी. आणि आरटीओवाले सीट बघत नाहीत.’

हा मजकूर सगळाच खोटा असता तर एवढा फिरला नसता. त्यात दोन-चार गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्याच आडोशाने बाकीचं खपून जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘बेल्ट बॉडीला असतो, सीटशी संबंध नाही’

पुढचं दार उघडून स्वतःच्याच गाडीत बघा. बेल्टची पट्टी गुंडाळणारा रिट्रॅक्टर मधल्या पिलरच्या पोटात आहे, वरची कडी पिलरवर आहे. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर. आता हँडब्रेकच्या बाजूला हात घाला, बकलची दांडी चाचपा आणि दुसऱ्या हाताने सीट पुढेमागे सरकवा. आजकालच्या बहुतेक गाड्यांत बकल सीटबरोबर सरकतं, कारण ते फ्लोअरला नसून सीटच्या फ्रेमला किंवा सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांपैकी वरच्या पट्टीला, म्हणजे रेलला, बोल्ट केलेलं असतं. काही गाड्यांत बाहेरच्या बाजूचं खालचं टोकही सीटलाच असतं. म्हणजे मूळ सीट उचलली की तीन टोकांच्या बेल्टचं एक टोक, कधी दोन, तिच्याबरोबर बाहेर जातात.

हे असं करण्यामागे कारण आहे. सहा फुटी माणूस सीट मागे घेतो, पाच फुटी माणूस पुढे ओढतो. बकल फ्लोअरला असेल तर दोघांच्या मांडीवरून पट्टी वेगवेगळ्या कोनात जाईल. सीटबरोबर सरकणारं बकल हा कोन राखतं आणि पट्टी पोटावर न चढता कमरेच्या हाडावर खाली बसते. हाड मार सोसतं. पोटातल्या आतड्यांना आणि यकृताला तो सोसवत नाही. पट्टी पोटावर असताना गाडी आदळली की माणूस पट्टीखालून पुढे घसरतो आणि पट्टी थेट पोटात रुतते.

बकलबद्दल आणखी एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. बेल्टची पट्टी एकच सलग असते. बकलमध्ये खुपसायची जी धातूची जीभ असते, तिच्या फटीतून वळून ती छातीवरून मांडीवर येते. त्यामुळे छातीचा ताण आणि मांडीचा ताण दोन्ही एकाच बकलवर येऊन पडतात. तिन्ही टोकांत सर्वात जास्त ओढ तिथे, आणि सीट बदलताना आपण हात घालतो तोही नेमका तिथेच.

ही ओढ किती? ७० किलोचा माणूस ताशी ५० किलोमीटरवरून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याला थांबवायला सरासरी सुमारे १३.५ किलोन्यूटन बल लागतं. वजनाच्या भाषेत जवळजवळ १,४०० किलो. बेल्टच्या टोकांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १४ आहे. त्यात प्रवासी गाडीच्या चाचणीत छातीच्या पट्टीवर १३.५ किलोन्यूटन आणि मांडीच्या पट्टीवर १३.५ किलोन्यूटन अशी ओढ एकाच वेळी देतात. टोक सीटवर असेल तर सीटच्या वजनाच्या २० पट बल वेगळं लावतात, कारण धडकेत सीटही पुढे जायला बघते. २० किलोची सीट असेल तर हेच आणखी ४०० किलो झाले. फॅब्रिकेटरने अँगलचे तुकडे जोडून केलेली रेल हे सगळं धरेल की नाही, हे सीटवर बसून हलवून कळत नाही.

जुन्या, साध्या गाड्यांत दोन्ही खालची टोकं फ्लोअरला असतात, तिथे फॉरवर्डचं म्हणणं पुष्कळसं लागू पडतं. पण तिथेही नवी सीट चार बोटं खाली किंवा आत बसली की कोन बदलतोच.

‘बकल पोहोचत नसेल तर एक्सटेंडर, नाहीतर पट्टी वेल्ड’

बकेट सीटच्या बाजू उंच असतात. जुनं बकल त्या उंचवट्याच्या पलीकडे खोल राहतं, हात पोहोचत नाही, म्हणून लोक एक्सटेंडर, म्हणजे बकलमध्ये अडकवून बेल्ट लांबवणारा जादा तुकडा, घेतात. आता तो लावून बसा आणि आरशात बघा. बकल कमरेच्या बाजूला राहण्याऐवजी पोटाच्या मधोमध आलेलं दिसेल, आणि मांडीची पट्टी सीटच्या उंचवट्यावरून पुलासारखी गेलेली. तिच्याखाली बोटं सहज जातात. ती ढील धडकेत आधी संपते आणि मगच बेल्ट माणसाला धरतो. तोवर माणसाने वेग घेतलेला असतो.

अमेरिकेत काही कार कंपन्या स्थूल ग्राहकांना एक्सटेंडर देतात, हा दाखला नेहमी पुढे केला जातो. तो देताना विशिष्ट माणूस आणि विशिष्ट गाडी बघून लांबी ठरवतात, आणि दुसऱ्याने तो वापरू नये असं स्पष्ट सांगतात. सगळ्या गाड्यांना चालणारी, ऑनलाइन मिळणारी वस्तू वेगळी.

वेल्डिंगचं प्रकरण याहून वाईट. बेल्टच्या टोकाचा बोल्ट बहुधा ७/१६ इंची, बारीक आट्यांचा, उच्च ताकदीच्या पोलादाचा असतो, आणि कंपनी त्याच्यामागे जाड पत्र्याची प्लेट जोडून त्यात नट बसवते. गॅरेजमध्ये फ्लोअरला नवं भोक पाडून वॉशर टाकून बोल्ट आवळला तर मागे उरतो नुसता फ्लोअरचा पत्रा, आणि तो साधारण एक मिलिमीटरही जाड नसतो. बोल्ट तुटणार नाही, तो पत्रा फाडून वर येईल. बकलच्या दांडीलाच पट्टी वेल्ड करून ती लांबवली तर उष्णतेने त्या पोलादाची मूळ ताकद जाते, शेजारच्या पॉलिएस्टरच्या पट्टीवर ठिणग्या पडतात त्या वेगळ्याच. काही गाड्यांत बकललाच प्रीटेन्शनर असतो, म्हणजे बेल्ट क्षणात आवळण्यासाठी आत बारूद भरलेली नळी. तिच्याजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पट्टी कापून, जोड देऊन चर्मकाराकडून शिवून घेणारेही आहेत. संयुक्त राष्ट्रांचाच नियम क्रमांक १६ पट्टीकडून निदान १४.७ किलोन्यूटन ताकद मागतो. बॅगेच्या शिलाईकडून ती अपेक्षा कुणी करू नये.

‘झटका द्या, लॉक झाला की पास’

झटका दिल्यावर एवढंच कळतं की पट्टी वेगाने ओढली तर ती गुंडाळणारी चकती अडकते. रिट्रॅक्टरमध्ये दुसरी यंत्रणाही असते. एक छोटी गोळी किंवा लोलक गाडीच्या हालचालीने कलतो आणि चकती अडकवतो. पट्टी ओढली न जाताही. ही यंत्रणा गुरुत्वाकर्षणावर चालते, म्हणून रिट्रॅक्टर कोणत्या कोनात बसवला आहे याला फार महत्त्व. नियम क्रमांक १६ प्रमाणे, नेमून दिलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कललं तर बेल्ट अडकता कामा नये, आणि नेहमीच्या प्रकारात २७ अंशांच्या पुढे गेलं तर अडकलाच पाहिजे. नवी सीट खाली बसते म्हणून रिट्रॅक्टर काढून फ्लोअरवर किंवा सीटच्या पाठीला ‘अंदाजाने’ लावला की हा हिशेब कोलमडतो. कधी बेल्ट बाहेरच येत नाही. कधी उलटं होतं: हाताच्या झटक्याला अडकतो, पण ब्रेक दाबल्यावर उशिरा.

आणि हाताचा झटका पाच-पंचवीस किलोंचा. धडकेतली ओढ १,४०० किलोंच्या घरातली, हे वर आलंच आहे.

‘एअरबॅगचा दिवा लागला तर रेझिस्टर टाका’

सीटखालचा पिवळा कनेक्टर काढला की दिवा लागतो, कारण मूळ सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते किंवा बकलमध्ये प्रीटेन्शनर असतो आणि कंट्रोल युनिटला तो सापडत नाही. रेझिस्टर टाकला की युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझतो, एअरबॅग काही परत येत नाही. उद्या खरोखर बिघाड झाला तरी त्या सर्किटबद्दल गाडी तुम्हाला काहीच सांगणार नाही.

बेल्ट न लावल्याची बीपही मूळ सीटच्या सेन्सरवर आणि बकलमधल्या स्विचवर चालते. सीट बदलली की ती एकतर बंदच पडते किंवा थांबत नाही, आणि मग लोक बीप बंद करणारी क्लिप घेतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते आणि दोघेही गेले. त्यानंतर या क्लिपांकडे सरकारचं लक्ष वळलं, आणि २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशानंतर ऑनलाइन दुकानांवरून अशा १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या.

‘फोर पॉइंट रेसिंग बेल्ट भारी’

रेसच्या गाडीत, हो. तिथे खांद्याचे पट्टे मागे, गाडीच्या आत बसवलेल्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्याच्या आडव्या नळीला बांधलेले असतात, खांद्यापासून मागे जाताना थोडेच उतरते. ४५ अंशांपेक्षा जास्त उतार चालत नाही. आपल्याकडे ते मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला, म्हणजे फ्लोअरला बांधतात. धडकेत ते पट्टे खांदे खाली दाबतात आणि मणका चेपला जातो. मांड्यांमधला पट्टा नसल्याने खांद्याच्या ओढीने मांडीची पट्टी वर पोटावर चढते, ते आणखी. शिवाय धड घट्ट बांधलेलं आणि डोकं मोकळं. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून मान सावरणारं हान्स हे उपकरण सक्तीचं झालं ते याच कारणाने. आणि रोजच्या रहदारीत असा बेल्ट बांधला की वाकून डावीकडची स्कूटर बघता येत नाही. दोन दिवसांत माणूस तो सैल ठेवायला लागतो. सैल रेसिंग बेल्टपेक्षा कंपनीचा साधा बेल्ट केव्हाही बरा.

‘आरटीओवाले सीट बघत नाहीत’

रस्त्यावर नसतील बघत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. मागचा बाक काढून दोन कॅप्टन सीटा टाकल्या की आसनक्षमताच बदलते, आणि ती आरसीवर छापलेली असते. कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विम्याच्या दाव्यात हा मुद्दा निघाला तर तो निघेल अपघातानंतर.

मग बाहेरची सीट बसवूच नये? असं नाही. रेकारोसारख्या सीट बनवणाऱ्या कंपन्या गाडीनिहाय बेस, म्हणजे सीटखालचा सांगाडा, विकतात, त्यात मूळ बकल मूळ बोल्टाने बसवायची जागा ठरवून दिलेली असते. जर्मनीत असा बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदावर चढवतात. तो बेस वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे खर्च वाचवायचा म्हणून तोच वगळला जातो.

ज्यांनी आधीच सीटा बदलल्या आहेत त्यांनी निदान एवढं बघावं: बेल्ट लावून बसल्यावर मांडीची पट्टी कमरेच्या हाडावर, खाली आणि सपाट आहे का, बकल कमरेच्या बाजूला आहे की पोटावर, छातीची पट्टी खांद्याच्या मधून जाते की मानेवरून किंवा दंडावरून, बकलचा बोल्ट नेमका कशाला आवळलेला आहे. शेवटचं बघायला गाडी लिफ्टवर घ्यावी लागेल. आणि मधल्या रांगेत रिक्लायनर टाकला असेल, तर तो पूर्ण मागे करून एकदा बेल्ट लावून बघा. छातीची पट्टी अंगापासून वीतभर वर, हवेत राहते. पुणे-मुंबई प्रवासात घरातलं वयस्कर माणूस नेमकं तसंच झोपलेलं असतं.