काटा रुतला तरी कळलं नाही
तुमच्या लेखात टाचदुखीवर छान लिहिलंय. सकाळी पहिलं पाऊल टेकताना जीव जातो, तो त्रास मी दोन वर्षं काढलाय. पण मधुमेहींच्या पायांना दोनच ओळी? आमचे आप्पा मधुमेही, रावेरकडे केळीच्या बागेत अनवाणी पाणी भरायचे. टाचेच्या भेगेत बाभळीचा काटा रुतला, पण शुगरने पाय बधिर झालेले, दुखलंच नाही. आईला फरशीवर ओला डाग दिसला, तोवर आत पू झालेला. जळगावला डॉक्टरांनी स्पर्श कळतो का ते बघायला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवला; आप्पा डोळे मिटून विचारत राहिले, "लावला का?" शुगर असेल तर रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाच. पायांचे खास डॉक्टर आपल्याकडे तालुक्याला कुठले! पण ही तपासणी मधुमेहाचे डॉक्टरही करतात, आपणहून सांगून करून घ्या.