पॅराफिन विषारी आणि सोया सोपं? हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

घरी मेणबत्त्या करायला शिकणाऱ्यांपर्यंत एक मेसेज हमखास पोचतो: ‘पॅराफिन पेट्रोलियमचं, म्हणून विषारी. सोया वॅक्स नैसर्गिक, त्याला काजळी नाही, आणि नवशिक्यांसाठी तेच सगळ्यात सोपं.’ हे वाचून लोक चुकीचं मेण आणतात आणि पहिल्याच साच्यात हिरमुसतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पेट्रोलियमचं म्हणून विषारी.’ पॅराफिन खनिज तेलातूनच निघतं, पण मेणबत्तीसाठी येतं ते शुद्ध केलेलं. खाद्य दर्जाचं पॅराफिन तर चीजवर लावतात. आणि सोयाबीनचं तेल मुळात पातळ असतं. त्याचं घट्ट मेण होतं ते कारखान्यात, हायड्रोजनची प्रक्रिया करून. त्यात वावगं काहीच नाही, फक्त ‘नैसर्गिक’ या शब्दावर एवढा भार टाकू नये. मेणबत्तीच्या धुरातून शिसं येतं ही भीती मात्र एकेकाळी खरी होती, पण ते शिसं वातीतलं. शिशाची तार घातलेल्या वातींवर अमेरिकेत 2003 मध्ये बंदी आली. मेणाशी त्याचा संबंध नव्हता.

‘सोयाला काजळी धरत नाही.’ ज्योत पिवळी दिसते तीच मुळी तिच्यात तापून चमकणाऱ्या कार्बनच्या कणांमुळे. हे कण ज्योतीतच जळून गेले तर काजळी दिसत नाही, निसटले तर काचेच्या कडेला काळा पट्टा उमटतो. ते निसटतात वात लांब किंवा जाड असली, वारा लागला, सुगंधी तेल जास्त पडलं की. दर वेळी पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा, मेण कुठलंही असो.

‘सोया सगळ्यात सोपं.’ इथेच नवशिके फसतात. ग्लाससाठीचं सोया मऊ असतं, साधारण 50 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. त्याचा उभा खांब करायला गेलात तर तो साच्यातून धड सुटत नाही, सुटला तर कडा तुटतात. ग्लासमध्येही थंड होताना पांढरी बुरशी आल्यासारखे डाग उमटतात. ते मेणाचे स्फटिक असतात, बिघाड नव्हे, पण रंग फिका दिसतो. वासही लगेच येत नाही, आठवडा-दोन आठवडे मुरू द्यावं लागतं. पॅराफिन थंड होताना आकसतं, त्यामुळे साच्यातून अलगद निसटतं आणि रंग खुलून दिसतो. आकसल्यामुळे वातीपाशी खड्डा पडतो, तेवढा थोडं मेण पुन्हा ओतून भरायचा.

तेव्हा आधी ठरवा, काय करायचंय. ग्लासमधली सुगंधी मेणबत्ती हवी तर सोया जरूर घ्या. साच्यातली हवी तर 58-60 अंशांना वितळणारं पॅराफिन घ्या. हात अजून बसला नसेल तर मधमाशीच्या मेणाच्या पातळ पत्र्या घेऊन वातीभोवती घट्ट गुंडाळा, वितळवायची भानगडच नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मेसेजमध्ये नसलेलं. खरा धोका मेण वितळवताना असतो, आणि तो दोन्ही मेणांना सारखाच. थेट आचेवर मेण ठेवू नका. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थर्मामीटर वापरा, जागेवरून हलू नका. पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतू नका, जळतं मेण उसळून अंगावर येतं. आच बंद करा, घट्ट झाकण टाका आणि पूर्ण थंड होईपर्यंत ते उचलू नका.